बैठ्या कामाची पाठदुखी : कारणे, प्रतिबंध आणि उपाय



वार्षिक अहवालात ताळेबंद आणि जमाखर्च यांच्या जोडीने एखाद्या नित्याच्या आजाराविषयी सर्वांना समजेल अशा भाषेत माहिती द्यावी, असा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. हे लेखन बहुधा आपले डॉक्टर करतात. यंदा विषय 'बैठ्या कामाने होणारी पाठदुखी' असा ठरला, तेव्हा ते काम डॉक्टरांनी हसत हसत माझ्याकडे सोपविले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र शिकलेलो नाही. परंतु उभी हयात मेजापाशी बसून गेली आहे आणि ज्या दुखण्याविषयी लिहावयाचे, ते स्वतः भोगलेले आहे. डॉक्टरांकडून आणि फिजिओथेरपिस्टकडून जे समजून घेतले, ते येथे क्रमाने मांडीत आहे.

एकाच घरातील दोन कमरा

आपला भंडारा जिल्हा धानाचा. दिघोरी परिसरात पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की बाह्यरुग्ण विभागात कंबर धरून येणाऱ्या भगिनींची रीघ लागते. गुडघाभर चिखलाच्या बांधीत दिवसभर ओणवे राहून पऱ्हे लावणाऱ्या बाईची कंबर दुखावी, यात कोणास नवल वाटत नाही. परंतु तिच्याच घरातील मुलगा किंवा दीर सेवा सहकारी संस्थेत, ग्रामपंचायतीत, बँकेत अथवा ऑनलाइन दाखले काढून देणाऱ्या केंद्रात खुर्चीवर बसून काम करतो आणि तोही कंबर दुखते म्हणतो, तेव्हा मात्र घरचे लोक हसतात. 'पंख्याखाली बसून कसली कंबर दुखते?' हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. रोवणीच्या दिवसांत जशी शेतातली कंबर दवाखान्यात येते, तशी मार्चअखेरच्या दिवसांत कचेरीतली येते, हे मी वर्षानुवर्षे खिडकीपाशी बसून पाहात आलो आहे.

दोन्ही दुखणी खरीच आहेत. एकीत शरीर फार वेळ वाकून राबते, दुसरीत ते फार वेळ एकाच ठेवणीत थिजून राहते. मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या आपल्या भागातील बायाबापड्यांच्या वाट्याला तर दोन्ही गोष्टी येतात. काम बैठे आणि मान सदा खाली.

पाठदुखी हा काही आपल्याच भागाचा आजार नव्हे. सन २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा सुमारे ८४ कोटी ३० लाखांवर जाईल, असा अंदाज आजारांचा जागतिक लेखाजोखा ठेवणाऱ्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. माणसाला जिवंतपणी अपंग करून ठेवणाऱ्या कारणांमध्ये कंबरदुखीचा क्रमांक पहिला लागतो.

जुनेच दुखणे, नवी खुर्ची

बैठ्या कामाचे दुखणे संगणकाने आणले, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी निरनिराळ्या कामगारांच्या आजारांवरील आपला ग्रंथ सन १७०० मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १७१३ च्या आवृत्तीत त्यांनी लेखनिकांवरही लिहिले. लेखनिकांच्या त्रासाची त्यांनी तीन कारणे सांगितली : सतत बसून राहणे, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. तीनशे वर्षांनंतर आजही कोणत्याही कचेरीतील लिपिकाला ही यादी वाचून दाखविली, तर तो मान डोलावील.

आपल्याकडेही लिहिण्याचे काम थोडे नव्हते. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागदांचे ढीग पाहिले म्हणजे ते लिहिणाऱ्या कारकुनांच्या पाठी डोळ्यांपुढे येतात. मात्र जुन्या बैठकीत एक सोय आपोआप होती. माणूस गादीवर बसे, मांडी बदली, एक गुडघा उभा करी, तक्क्याला रेले, कागद काढण्यास उठे. मी नोकरीस लागलो तेव्हा कीर्द आणि खतावणी यांची जाडजूड पुस्तके कपाटात असत. एक नोंद पडताळावयाची तर उठावे लागे, पुस्तक उचलून आणावे लागे. ते तेव्हा कटकटीचे वाटे. पुढे सारे संगणकात आले. आता पाच वर्षांपूर्वीची पावतीही बसल्या जागी समोर येते. श्रम वाचले, पण त्याबरोबर दिवसातून पन्नास वेळा होणारे उठणेही गेले.

कामाचे तासही लक्षात घेण्याजोगे आहेत. महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून कार्यालयांसाठी पाच दिवसांचा आठवडा लागू केला, तेव्हा कार्यालयाची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी झाली आणि जेवणासाठी जास्तीत जास्त अर्धा तास ठेवण्यात आला. शनिवारची सुटी मिळाली. परंतु कामाच्या दिवसाची बैठक लांबली. त्यात खड्ड्यांच्या रस्त्याने दुचाकीवरून येणे-जाणे आणि घरी परतल्यावर दूरदर्शन संचासमोर किंवा हातात मोबाइल घेऊन पुन्हा बसणे मिळविले, तर दिवसाच्या हिशेबात 'बसणे' या खात्यावर किती रक्कम पडते, हे ज्याने त्याने पाहावे.

पाठीची रचना

आपल्या पाठीच्या कण्यात मूळचे ३३ मणके असतात. त्यांपैकी वरचे २४ सुटे असून हलतात. खालचे प्रौढपणी एकमेकांस जुळून माकडहाडापर्यंतचा भाग बनतात. सुट्या मणक्यांच्या दरम्यान लवचीक चकत्या असतात. आपल्याकडे त्यांना 'गादी' म्हणतात. गादी बाहेरून चिवट व आतून मऊ असते. चालताना, उडी मारताना, ओझे उचलताना बसणारा दाब ती झेलते.

या गादीविषयी एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. प्रौढ माणसाच्या गादीच्या आत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचे पोषण भोवतालच्या भागातून झिरपत येते. दाब कमी-जास्त होत राहिला की द्रव आत-बाहेर होतो, म्हणून हालचाल हे गादीचे एका अर्थी अन्नच होय. दिवसभराच्या भाराने गाद्या किंचित दबतात आणि रात्री आडवे झाल्यावर पुन्हा फुगतात; म्हणून माणूस सकाळी उठतो तेव्हा सायंकाळपेक्षा सुमारे एक-दोन सेंटिमीटर उंच असतो.

कण्याला ताठ ठेवण्याचे काम पाठीचे, पोटाचे व नितंबाचे स्नायू करतात. तासन् तास एका ठेवणीत बसल्याने काही स्नायू अखंड आवळलेले राहून थकतात, मांडीचे स्नायू आखडतात आणि पोट व नितंब यांचे स्नायू कामच न मिळाल्यामुळे दुबळे होतात. मग एके दिवशी खाली पडलेले पेन उचलण्याचे निमित्त होते आणि कंबर धरते. आपण पेनाला दोष देतो. थकबाकी मात्र बऱ्याच महिन्यांची असते.

ताठच बसावे काय?

लहानपणी शाळेत 'ताठ बस' हा उपदेश आपण सर्वांनी ऐकला आहे. शास्त्रज्ञांचेही मत यावर बदलत गेले. स्वीडनमधील अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात गादीत बारीक सुई घालून तिच्यातील दाब मोजला. आधाराविना बसलेल्या माणसाच्या गादीवर उभ्या माणसापेक्षा अधिक दाब येतो, असे त्यांना दिसले. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी एका स्वयंसेवकावर नव्या साधनांनी मोजमाप केले. त्यात सैलावून, पाठ टेकून बसले असता दाब उभे राहण्याहूनही कमी आढळला. म्हणजे बसणे हे स्वतः विष नव्हे. केवळ बसल्यामुळेच पाठदुखी जडते, असेही ठामपणे सिद्ध झालेले नाही. न हलता बसणे, व्यायामाचा अभाव, अपुरी झोप, धूम्रपान, वाढलेले वजन आणि कामाचा मानसिक ताण ही सारी कारणे मिळून हे दुखणे घडवितात.

म्हणून आमचे फिजिओथेरपिस्ट सांगतात : सर्वांत चांगली बैठक म्हणजे पुढची बैठक. एकाच ठेवणीचा हट्ट धरू नये. थोडे ताठ, थोडे रेलून, थोडे उभे, थोडे चालून असे दिवसाचे तुकडे करावेत.

दिवसभर उभे राहणे हाही यावर उतारा नव्हे. कापडदुकानांतील विक्रेत्या भगिनींना दिवसभर बसूच दिले जात नाही, या तक्रारीवरून केरळ राज्याने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून त्यांना बसण्याचा हक्क दिला. बसण्याची सक्ती आणि उभे राहण्याची सक्ती या दोन्ही शरीराला सारख्याच जाचक आहेत.

मेज व खुर्ची यांची मांडणी

महागडी खुर्ची घेतली म्हणजे पाठ बरी होईल, ही अपेक्षा फोल आहे. आहे त्याच सामानात पुढील सुधारणा करता येतात.

१. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकावेत. खुर्ची उंच असेल तर पायांखाली लाकडी पाट किंवा दोन विटांवर फळी ठेवावी. आपल्या नोंदणी कक्षात सुताराकडून उरलेल्या फळ्यांचे असे पाट करून घेतले आहेत.

२. पाठ खुर्चीच्या पाठीला टेकलेली असावी. कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची वळी करून ठेवल्यास आधार मिळतो.

३. कोपर अंगालगत राहून साधारण काटकोनात यावे. खांदे वर उचलले जात असतील तर मेज उंच आहे किंवा खुर्ची बुटकी आहे, असे समजावे.

४. संगणकाचा पडदा हातभर अंतरावर आणि अगदी समोर असावा. त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यावी. पडदा एका बाजूस आणि कागद दुसऱ्या बाजूस ठेवून दिवसभर मान वळवीत बसू नये.

५. ज्यांच्या चष्म्यात खालच्या बाजूस वाचनाचा भाग आहे, त्यांनी पडदा आणखी खाली घ्यावा. अन्यथा हनुवटी वर करून पाहण्याची सवय लागते आणि मान धरते. चाळिशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्यांत ही तक्रार फार आढळते.

६. लॅपटॉपवर अधिक वेळ काम असल्यास तो पुस्तकांच्या चवडीवर उंच ठेवून कळफलक वेगळा जोडावा.

७. मागील खिशात पैशांचे जाड पाकीट ठेवून बसू नये. कंबर एका बाजूस कलते.

८. फोन खांदा व कान यांच्यात दाबून धरून लिहू नये.

९. जे जमिनीवर बसून काम करतात, त्यांनी भिंतीचा आधार घ्यावा, बैठकीखाली घडीची चादर घालून ती थोडी उंच करावी, मांडी वरचेवर बदलावी आणि कामाचे सूप अथवा वही शक्य तितकी वर घ्यावी.

या साऱ्यांहून महत्त्वाचा नियम एकच : दर अर्ध्या तासाने उठावे. दोन मिनिटे पुरतात. पाण्याची बाटली मेजावर न ठेवता माठाशी जाऊन पाणी प्यावे. शेजारच्या टेबलाशी फोनवर बोलण्याऐवजी चालत जाऊन बोलावे. फोन आला की उभे राहून बोलावे. आपल्या लेखा विभागात मी शिक्के व पावतीपुस्तके मुद्दाम समोरच्या भिंतीलगतच्या फडताळात ठेवविली आहेत. प्रारंभी सहकाऱ्यांची कुरकुर झाली. आता सवय झाली आहे.

सोपे व्यायाम

कामाच्या जागी करण्याजोगे तीन व्यायाम असे. एक, खुर्चीतच खांदे मागे-खाली नेऊन हनुवटी किंचित आत ओढावी. पाच आकडे मोजून सोडावे. दोन, उभे राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून हळूहळू मागे वाकावे. पाच ते दहा वेळा. तीन, हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठावे व बसावे.

घरी सतरंजीवर करण्यासाठी आपल्या परिचयाची आसने पुरेशी आहेत. मार्जरासनात गुडघे व तळहात टेकून पाठ आलटून-पालटून वर-खाली करावी. सेतुबंधासनाने नितंब व पाठ यांचे स्नायू बळकट होतात. पाठीवर निजून एकेक गुडघा छातीशी घ्यावा. पालथे निजून भुजंगासन करताना बेंबी जमिनीला टेकलेली असावी. एखाद्या व्यायामाने कळ कमरेतून पायात उतरू लागली तर तो तत्काळ थांबवावा. गरोदर भगिनींनी, हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांनी आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी विचारल्यावाचून काही करू नये.

आणि ज्यांना यांपैकी काहीच जमत नाही, त्यांनी चालावे. ऑस्ट्रेलियात ७०१ प्रौढांवर झालेला एक प्रयोग २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या या लोकांपैकी एका गटास फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली टप्प्याटप्प्याने चालणे वाढवून आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यास सांगितले. दुखणे पुन्हा उलटण्यास या गटात मध्यमानाने २०८ दिवस लागले. न चालणाऱ्यांत ११२. चालण्यास फी लागत नाही. आपल्याकडे बांधावरची वाट आहे, तलावाची पाळ आहे. सकाळची हवाही आहे.

दुखणे उद्भवल्यास

पूर्वी कंबर धरली की 'पंधरा दिवस पलंगावरून उतरू नका' असे सांगितले जाई. आज हा सल्ला मागे पडला आहे. फिनलंडमधील हेलसिंकी नगरपालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. कंबर धरलेल्या या कर्मचाऱ्यांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणावर विश्रांती दिली, काहींना पाठीचे व्यायाम दिले आणि काहींना झेपेल तसे नेहमीचे व्यवहार चालू ठेवण्यास सांगितले. हा तिसरा गट सर्वांत लवकर सावरला.

साध्या कंबरदुखीचा बहुतेक भाग काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. तोवर कोमट शेक घ्यावा, वेदनेच्या मर्यादेत हिंडते-फिरते राहावे, कुशीवर निजताना गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तितक्याच व तितकेच दिवस घ्याव्यात; मनाने घेतलेल्या गोळ्या जठर व मूत्रपिंड यांस अपाय करतात. घटक न छापलेल्या पुड्या आणि 'एका सुईत आराम' देणारी इंजेक्शने यांपासून दूर राहावे.

कडक फळीवर निजण्याचा आग्रहही सोडावा. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फार कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर निजणाऱ्यांस अधिक आराम पडला.

आता एम.आर.आय.विषयी. नातेवाईक मला वारंवार विचारतात, 'साहेब, फोटो काढून घेतला तर बरे नाही का?' त्यासाठी नागपूरपर्यंतचा प्रवास, तपासणीची फी आणि बुडालेली मजुरी यांचा बोजा मी जाणतो. प्रसंगी धान विकून आणलेले पैसे त्यात जातात. ज्यांना कसलीही पाठदुखी नव्हती, अशा लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीच्या निरोगी माणसांपैकी सुमारे ८० टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या आणि ६० टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या दिसल्या. केस पांढरे व्हावेत तसाच हा बदल होय. पुढे सांगितलेली धोक्याची चिन्हे नसताना फोटो काढला, तर पैसे जातात आणि 'गादी सरकली' ही भीती मात्र घरी येते.

धोक्याची चिन्हे

येथे एक हकीगत सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. आमच्या लेखा विभागातील एका तरुण सहकाऱ्याने काही वर्षांपूर्वी पाठदुखीची तक्रार केली. तेव्हा मी स्वतः नुकताच कंबरदुखीतून उठलो होतो आणि या विषयात आपणांस सारे कळते, अशा भ्रमात होतो. मी त्याला खुर्ची बदलून दिली, पाट दिला, दर अर्ध्या तासाने उठण्यास सांगितले. दुखणे हटेना. मार्चअखेरचे काम होते. तोही रजा मागेना, मीही विचारीना. सायंकाळी अंगात कसर येते, रात्री दुखण्याने जाग येते, पॅन्ट सैल झाली आहे, असे तो बोलता बोलता म्हणाला होता. मी ते ऐकले आणि 'कामाचा शीण' या सदरात टाकले. चौथ्या महिन्यात त्याचे पाय अडखळू लागले, तेव्हा मी त्याला वीस पावलांवर बसलेल्या डॉक्टरांकडे नेले. तो मणक्याचा क्षयरोग होता.

उपचार लगेच सुरू झाले, वर्षाहून अधिक काळ चालले आणि तो बरा झाला. आजही तो माझ्या समोरच्या टेबलाशी बसतो. पाठीत थोडा बाक राहिला आहे. रुग्णालयाच्या छताखाली बसूनही ते चार महिने वाया गेले, याची नोंद कोणत्याही ताळेबंदात नाही. ती माझ्या नावावर आहे.

मणक्याच्या क्षयाचे वर्णन इंग्लंडमधील शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये केले, म्हणून त्यास 'पॉटचा आजार' म्हणतात. आपल्या देशात क्षयरोग अद्याप सर्वत्र आढळतो. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात औषधे विनामूल्य मिळतात; पोषक आहारासाठी रुग्णास २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये करण्यात आली आहे. आजार लपविण्याचे काहीच कारण नाही.

पाठदुखीबरोबर पुढीलपैकी एकही चिन्ह असल्यास खुर्ची, शेक व व्यायाम यांत वेळ घालवू नये :

१. लघवी अडणे, लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, अथवा जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे. ही आणीबाणी होय. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे. वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

२. एका किंवा दोन्ही पायांतील शक्ती कमी होणे, चप्पल पायातून निसटणे, चालताना अडखळणे.

३. ताप, सायंकाळची कसर, रात्रीचा घाम, भूक मंदावणे, कारणावाचून वजन घटणे.

४. विश्रांतीनेही न थांबणारे, रात्री झोपेतून उठविणारे दुखणे.

५. पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे. वृद्धांच्या बाबतीत किरकोळ घसरणेही पुरेसे असते.

६. पूर्वी कर्करोग झालेला असणे किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड औषधे चालू असणे.

७. सहा आठवड्यांत उतार न पडणे.

देणगीदारांस निवेदन

दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ आपल्या रुग्णालयास ताण देण्याची खाट, म्हणजे ट्रॅक्शन, आणि कमरपट्टे देण्याची इच्छा एका देणगीदार कुटुंबाने व्यक्त केली होती. भावना थोर होती आणि देणगी नाकारणे प्रशासकाच्या जिवावर येते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत ट्रॅक्शन व कमरपट्टे यांचा नित्य वापर करू नये असे म्हटले असून रुग्णशिक्षण, व्यायाम आणि मनाला धीर देणारे उपचार यांवर भर दिला आहे. शस्त्रक्रियेनंतर किंवा मणका मोडला असता डॉक्टर जो पट्टा देतात, त्याची गोष्ट निराळी. आम्ही ही तत्त्वे त्या कुटुंबापुढे ठेवली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि तीच रक्कम फिजिओथेरपिस्टचे मानधन व व्यायामाच्या सतरंज्या यांसाठी देऊ केली. व्यायामकक्षाच्या दारावरील पाटीवर त्यांच्या वडिलांचे नाव आहे. आत यंत्र नाही. सकाळच्या वेळी दहा-बारा माणसे चालणे, वाकणे, उठणे शिकताना दिसतात.

देणगीदार बंधू-भगिनींनी यंत्राइतकीच माणसाच्या वेळेसाठी दिलेली देणगीही मोलाची मानावी, अशी विनंती आहे. यंत्र पाहुण्यांना दाखविता येते. फिजिओथेरपिस्टने एका लिपिकासाठी वा रोवणीवरून आलेल्या बाईसाठी खर्चिलेली वीस मिनिटे दाखविता येत नाहीत. परंतु माणूस पुन्हा कामावर जातो तो त्या वीस मिनिटांनी.

रुग्णांच्या आप्तेष्टांस एवढेच सांगणे की, घरातील बैठे काम करणाऱ्याच्या दुखण्याची थट्टा करू नये आणि त्याचा बाऊही करू नये. त्याला सायंकाळी आपल्याबरोबर चालावयास न्यावे. चालता चालता विचारावे : ताप येतो का, पाय जड वाटतात का, रात्री झोप लागते का? मी हे तीन प्रश्न एकदा विचारले नाहीत. आपण विचारावेत, यासाठी हा लेखनप्रपंच.

 आपण बराच वेळ बसून वाचीत आहात. आता कृपया उठावे.

– प्रशासकीय अधिकारी
दिघोरी, जि. भंडारा